३१ कोटी डॉलर आणि टाचेमागची एक नस : एनबीएतल्या ताऱ्यांना एवढं मोल द्यावं का?

चार्ल्सकाठ | २१ जुलै २०२५, सकाळी ७:४०

१२ मेच्या रात्री न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या सामन्यात, बॉस्टन सेल्टिक्सचा तारा जेसन टेटम कोसळला, तेव्हा मी सोफ्यावरून उठून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिलो होतो. त्याचे ४२ गुण झाले होते, सामना संपायला तीनेक मिनिटं होती. मोकळ्या चेंडूकडे झेपावायला त्याने पाय रोवला आणि तो खाली गेला. कोणाचा धक्का नाही, काही नाही. पाय ज्या तऱ्हेने धरला त्यावरूनच कळलं की ही अकिलीज आहे, टाचेमागची ती जाड नस. बायकोने आतून येऊन विचारलं काय झालं, तर मला पटकन बोलता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पहिलं वाक्य कानावर आलं ते हे : ‘एकतीस कोटी डॉलर गेले पाण्यात.’ दोन महिने ते वाक्य मनातून जात नाही, म्हणून हा धागा.

२०२४ च्या जुलैत सेल्टिक्सने टेटमशी पाच वर्षांचा ३१.४ कोटी डॉलरचा करार केला. तोवरचा एनबीएतला सगळ्यात मोठा. तो लागू होतोय येत्या हंगामापासून, म्हणजे या करारातल्या पहिल्या वर्षाचा मोठा भाग तो पाय बरा करण्यात घालवणार.

आधी हा आकडा येतो कुठून ते सांगतो, कारण बऱ्याच जणांचा राग तिथेच निवळेल. टेटमच्या एजंटने घासाघीस करून एकतीस मिळवले असं झालेलं नाही. लीगच्या उत्पन्नातला साधारण निम्मा वाटा खेळाडूंचा, हे मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात ठरलेलं आहे. त्यावरून दर वर्षी सॅलरी कॅप, म्हणजे एका संघाच्या एकूण पगारांची मर्यादा, निघते. २०२५-२६ साठी ती १५.४६ कोटी डॉलर आहे. एका खेळाडूला त्यातले जास्तीत जास्त किती देता येतील तेही ठरलेलं : सहा वर्षांपर्यंत खेळलेल्याला २५ टक्के, सात ते नऊ वर्षं खेळलेल्याला ३०, दहा वा अधिक वर्षं झालेल्याला ३५. टेटमची आठच वर्षं झाली आहेत, पण ऑल-एनबीए, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, संघातल्या निवडीमुळे सुपरमॅक्सच्या नियमाने त्याला ३५ टक्के मिळतात. १५.४६ चे ३५ टक्के म्हणजे ५.४१ कोटी. पुढे दर वर्षी पहिल्या पगाराच्या आठ टक्क्यांची भर. पाच वर्षांची बेरीज करून पाहा, ३१.४ येते.

आता समजा सेल्टिक्सने त्याला निम्मेच दिले असते. तिकीट एका डॉलरनेही उतरलं नसतं. खेळाडूंचा एकूण वाटा बांधलेला असल्यामुळे ते पैसे दुसऱ्या कुठल्या तरी खेळाडूंकडे गेले असते, बस. म्हणून ‘एवढे पैसे कशाला’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. या वाट्यातला त्याचा भाग रास्त आहे का, हा खरा प्रश्न.

माझं उत्तर : खरा तारा असेल तर त्याला कमीच मिळतात. १९९७-९८ मध्ये मायकल जॉर्डनला ३.३१ कोटी डॉलर मिळाले. त्या वर्षी अख्ख्या संघाची कॅप होती २.६९ कोटी. त्याच सुमारास केव्हिन गार्नेटला वयाच्या २१व्या वर्षी सहा वर्षांचे १२.६ कोटी मिळाले आणि मालक हादरले. १९९८ च्या जुलैत लॉकआउट झाला, म्हणजे मालकांनी लीग बंद ठेवली, पुढचा हंगाम ५० सामन्यांवर आला, आणि त्या भांडणातून एका खेळाडूच्या पगारावर मर्यादा आली. आजचे २५, ३०, ३५ टक्के हे त्याचंच फळ. बाजार मोकळा असता तर योकिचला किंवा शे गिल्जस-अलेक्झांडरला कॅपच्या निम्मे द्यायलाही संघांनी रांग लावली असती.

एक माणूस किती फरक पाडतो ते क्लीव्हलँडमध्ये दिसलं. २००९-१० मध्ये लेब्रॉन होता : ६१ विजय, २१ पराभव. तो मायामीला गेला : १९ विजय, ६३ पराभव, त्यात सलग २६ हार. २०१४ मध्ये परत आला आणि ३३ विजयांचे ५३ झाले, २०१६ मध्ये विजेतेपद मिळालं. २०१८ मध्ये तो पुन्हा गेला आणि संघ पुन्हा नेमका १९-६३ वर आला. कोर्टवर पाचच माणसं असतात, तारा ४८ पैकी ३५-३६ मिनिटं खेळतो आणि चेंडू बहुतेक वेळ त्याच्याच हातात असतो. दुसऱ्या कुठल्या सांघिक खेळात एका माणसाचं वजन इतकं असेल असं मला वाटत नाही.

जाणकारांनी लिहावं. विरोधी मतं तर जरूर हवीत.

हिशेबी_ठाणे | २१ जुलै, सकाळी ९:१२

आकडेमोड चोख आहे, निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

लेब्रॉन आणि जॉर्डन यांची उदाहरणं घेतली की कुठलाही पगार रास्तच ठरतो. पण मॅक्स, म्हणजे नियमाने देता येणारा कमाल पगार, काही फक्त त्यांनाच मिळत नाही. दर वर्षी ज्यांना मिळतो त्यांतले लेब्रॉन किती?

टेटमच्या करारासारखंच एक जुनं उदाहरण आहे. जॉन वॉल, वॉशिंग्टन. २०१७ मध्ये चार वर्षांचे १७ कोटी डॉलर, लागू होणार २०१९-२० पासून. त्याआधीच, २०१९ च्या फेब्रुवारीत, त्याची अकिलीज तुटली. तो होता २८ चा, टेटम आहे २७ चा. करार सुरू होण्याआधीच तीच नस. पुढे काय झालं? पहिल्या वर्षी शून्य सामने. दुसऱ्या वर्षी ह्यूस्टनकडून ४०. तिसऱ्या वर्षी तो खेळायला तंदुरुस्त होता, पण संघाला तरुण मुलांना खेळवायचं होतं, म्हणून पुन्हा शून्य. त्या शून्य सामन्यांचे ४.४ कोटी डॉलर.

दुसरं उदाहरण तर पाच दिवसांपूर्वीचं आहे. ब्रॅडली बील : २०२२ मध्ये पाच वर्षांचे २५.१ कोटी, वर त्याच्या संमतीशिवाय त्याला दुसऱ्या संघात पाठवता येणार नाही असं कलम. पुढच्याच वर्षी तो फिनिक्सला गेला. ड्युरांट, बुकर आणि बील असे तीन मॅक्स खेळाडू एका संघात. २०२४-२५ मध्ये त्या संघाने ३६ जिंकले, ४६ हरले, प्लेऑफ म्हणजे बाद फेरीसुद्धा नाही. आता बीलने १.३९ कोटी सोडले आणि संघाने उरलेले पैसे देऊन त्याला मोकळं केलं. हे पैसे पुढची पाच वर्षं, वर्षाला सुमारे १.९४ कोटी, फिनिक्सच्या खात्यावर बसणार. माणूस दुसऱ्या संघात खेळणार आणि त्याच्या नावाचा भार इथे.

माझा धंदा ताळेबंदाचा आहे. आम्ही मालमत्तेवर दर वर्षी घसारा लावतो. इथे मात्र खेळाडूचं वय वाढतं तसा पगार दर वर्षी आठ टक्क्यांनी चढतो. हे उलटं गणित तुम्ही रास्त कसं म्हणता?

अनुप_नाशिक | २१ जुलै, दुपारी १२:३०

वाचतोय. छान चाललीय चर्चा. मी दोनच वर्षं झाली एनबीए बघायला लागलो, त्यामुळे एक साधा प्रश्न : कॅप १५.४६ कोटीची आणि सेल्टिक्ससारखे संघ त्याच्या वर खर्च करतात, मग कॅपला अर्थ काय? आणि हे ‘सेकंड अ‍ॅप्रन’ सगळे म्हणतात ते काय आहे?

चार्ल्सकाठ | २१ जुलै, संध्याकाळी ५:५५

अनुप, चांगला प्रश्न. कॅप लवचीक आहे. बाहेरून माणूस आणायचा तर मर्यादेत राहावं लागतं, पण आपल्याच खेळाडूला पुन्हा करारबद्ध करायला ती ओलांडता येते. जॉर्डनचा पगार कॅपपेक्षा मोठा होऊ शकला तो याच सवलतीने. मग खर्च १८.७९ कोटींच्या वर गेला की लक्झरी टॅक्स लागतो. आणि २०.७८ कोटींवर येतो सेकंड अ‍ॅप्रन. तो ओलांडला की नुसता दंड होत नाही, संघाचे हातपाय बांधले जातात : दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, बाहेरचा माणूस घेण्याची ठरावीक सवलत जाते, सात वर्षांनंतरच्या ड्राफ्टमधली, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या फेऱ्यांतली, पहिल्या फेरीची निवड गोठवली जाते. मालक आणि खेळाडूंच्या संघटनेच्या २०२३ च्या करारात हे आलं.

आमच्या सेल्टिक्सचं दुखणं तेच. २०२४ मध्ये विजेतेपद जिंकलेला संघ आज मोडला आहे. या उन्हाळ्यात जू हॉलिडे पोर्टलंडला दिला, पोरझिंगिस अटलांटाला, कॉर्नेट सान अँटोनियोला गेला. तसाच ठेवला असता तर पगार आणि कर मिळून ५० कोटी डॉलरच्या वर जाईल असा अंदाज होता.

हिशेबी, तुमच्या घसाऱ्याच्या मुद्द्यावर विचार करून लिहितो. वॉलचं साम्य मला मेपासून छळतंय, हे खरं. पण मग ड्युरांटही आठवा. २०१९ च्या अंतिम फेरीत अकिलीज तुटली, वय ३०. त्या अवस्थेत ब्रुकलिनने त्याला चार वर्षांचे १६.४ कोटी दिले. एक अख्खा हंगाम तो बाहेर होता. परत आला आणि २०२०-२१ मध्ये सामन्यामागे सत्तावीसच्या जवळ गुण केले, टोकियोत सुवर्णपदक घेतलं. वॉलचा खेळ वेगावर उभा होता. ड्युरांटचा उंचीवर आणि नेमबाजीवर, आणि टेटम त्या जातीचा आहे.

रीबाउंड_अंधेरी | २१ जुलै, रात्री १०:१८

हिशेबी सर, फिनिक्सचं उदाहरण मी घेऊच देणार नाही. मी फिनिक्स सन्सचा फॅन आहे, दोन वर्षं पहाटे उठून बघितलंय. दोष मॅक्स करारांचा नाही. तिघंही गुण करणारे, चेंडू फिरवून खेळ बांधणारा पॉइंट गार्ड कोणी नाही, रीबाउंडला, म्हणजे हुकलेला चेंडू पकडायला, कोणी नाही, आणि तिघांचे पगार भरल्यावर ही भोकं बुजवायला पैसे नाहीत. निवड चुकली.

आणि ज्याच्यावर पैसे घालवायला मी आंधळेपणाने तयार होईन तो गोल्डन स्टेटचा स्टीफन करी. २०१२ मध्ये त्याचा घोटा सारखा दुखावायचा, म्हणून त्याने चार वर्षांचे ४.४ कोटी घेतले. त्या चार वर्षांत त्याने काय केलं : २०१५ चं विजेतेपद, लागोपाठ दोन एमव्हीपी (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान), त्यातलं दुसरं एकमताने, आणि ७३ विजय. त्याचा पगार एवढा कमी होता आणि २०१६ मध्ये प्रसारणाच्या नव्या पैशांनी कॅप ७ वरून ९.४ कोटींवर उडाली, म्हणूनच ड्युरांट त्या संघात बसू शकला. मग २०१७ मध्ये करीला २०.१ कोटी मिळाले. आता सांगा, त्या २०.१ मध्ये आधीच्या चार वर्षांची थकबाकी किती होती?

मृण्मयी_शिकागो | २२ जुलै, पहाटे ४:०५

इथे सगळे संघाच्या बाजूने हिशेब करत आहेत, म्हणून मी प्रेक्षकाच्या बाजूचं लिहिते.

दोनएक वर्षांपूर्वी माझ्या मुलाच्या बाराव्या वाढदिवसाला आम्ही सामन्याची तिकिटं काढली. पाहुण्या संघात त्याचा देव होता. नाव लिहीत नाही. मुलाने दोन संध्याकाळी बसून पुठ्ठ्यावर पाटी रंगवली होती. आम्ही दीड तास गाडी चालवून पोहोचलो, जागेवर बसलो, आणि समोरच्या पडद्यावर आलं की तो आज विश्रांती घेतोय. दुखापत नाही, विश्रांती. मुलगा रडला नाही. त्याने ती पाटी गुंडाळून खुर्चीखाली ठेवली आणि सामनाभर एकदाही वर काढली नाही. मला ते रडण्यापेक्षा जास्त लागलं.

मला त्या खेळाडूचा पगार खुपत नाही. त्याच्यासारखं खेळणारी माणसं जगात दहा-पंधरा असतील, मिळू देत. पण पगार ८२ सामन्यांचा असेल तर जो धडधाकट आहे त्याने येऊन उभं राहावं, एवढीच अपेक्षा. २०२३-२४ पासून ६५ सामन्यांचा नियम आला हे फार बरं झालं. तेवढे सामने खेळल्याशिवाय एमव्हीपी नाही, ऑल-एनबीए नाही, आणि ऑल-एनबीए नाही तर सुपरमॅक्सचं दार बंद. पैसा हजेरीला बांधला गेला.

हिशेबी_ठाणे | २२ जुलै, सकाळी ८:५०

मृण्मयीताई, वाचून वाईट वाटलं. तुमचा मुद्दा ताळेबंदातही दिसतो. फिलाडेल्फियाने गेल्या सप्टेंबरात एम्बीडशी तीन वर्षांचा १९.३ कोटींचा करार केला. हा २०२३ चा एमव्हीपी. पुढच्या हंगामात तो खेळला १९ सामने. त्याच उन्हाळ्यात आणलेला पॉल जॉर्ज, चार वर्षांचे २१.२ कोटी, खेळला ४१. संघ २४ विजय, ५८ पराभव. एम्बीडची गुणवत्ता कोणी नाकारणार नाही, मीही नाही. गुडघे साथ देत नाहीत, आणि ते करारावर सही करतानाही माहीत होतं.

केतकी_पुणे | २२ जुलै, सकाळी ११:२०

सगळा धागा वाचला आणि एकदाही बायकांचं बास्केटबॉल आलं नाही. मी डेक्कनवर खेळत मोठी झाले, शाळेपासून कॉलेज संपेपर्यंत. म्हणून लिहितेच.

चार्ल्सकाठ म्हणतात की मॅक्सवरच्या ताऱ्याला कमी मिळतं. त्याचं सगळ्यात धडधडीत उदाहरण डब्ल्यूएनबीएत, म्हणजे बायकांच्या लीगमध्ये, आहे. २०२४ मध्ये केटलिन क्लार्क आली. तिच्यामुळे सामने मोठ्या स्टेडियममध्ये हलवावे लागले, टीव्हीचे प्रेक्षक वाढले. तिचा त्या वर्षीचा पगार ७६,५३५ डॉलर. कोटी नाही, लाखही नाही. आणि नवशिक्यांच्या पगाराची पट्टी ठरलेली, त्यामुळे तिने काय केलं यावर तो अवलंबूनच नाही.

परवाच, १९ तारखेला, इंडियानापोलिसच्या ऑल-स्टार सामन्याआधी सगळ्या खेळाडू एकसारखे टी-शर्ट घालून सरावाला उतरल्या. त्यावरच्या ओळीचा अर्थ : आमचं जे देणं लागता ते द्या. दान मागत नाहीयेत त्या. पुरुषांना उत्पन्नाचा निम्मा वाटा आहे, यांना तसा नाही, आणि भांडण नेमकं त्या टक्क्यावर आहे. मला टेटमचा करार बघून चीड येत नाही. तो ज्या नियमाने ठरला तो नियम या मुलींना का नाही, याची येते.

हिशेबी_ठाणे | २२ जुलै, दुपारी १:१५

केतकी, हा मुद्दा मला आपल्या घरातही दिसतो. रात्री सहज आकडे मांडले. आयपीएलमध्ये दहा संघ, २०२५ ला लिलावाची मर्यादा प्रत्येकी १२० कोटी रुपये, एकूण १,२०० कोटी. २०२३ ते २०२७ चे प्रसारणहक्क गेले ४८,३९० कोटींना, म्हणजे वर्षाला ९,६७८ कोटी. तिकिटं, जाहिराती, जर्सी सगळं बाजूला ठेवून नुसत्या प्रसारणाशी तुलना केली तरी हे प्रमाण साडेबारा टक्क्यांच्या आत राहतं. सामन्याचं मानधन वेगळं मिळतं, ते धरूनही चौदाच्या आत. ऋषभ पंतला २७ कोटी मिळाले तेव्हा आमच्या सोसायटीत दोन दिवस त्यावरच चर्चा होती की एवढे पैसे एका माणसाला कशाला. उरलेल्या टक्क्यांबद्दल कोणी काही विचारलं नाही. मीही नाही.

एवढ्यापुरता धागाकर्त्याशी सहमत. निम्मा वाटा मिळवणं ही एनबीएच्या खेळाडूंच्या संघटनेची मोठी कमाई आहे. माझा आक्षेप त्या निम्म्याच्या आतल्या वाटपाबद्दल आहे आणि तो कायम आहे.

रीबाउंड_अंधेरी | २२ जुलै, दुपारी ४:४०

मग वाटप खेळाडूंनीच बदलावं ना. जेलन ब्रन्सनने केलं तसं. २०२४ च्या जुलैत न्यूयॉर्क निक्सकडून चार वर्षांचे १५.६५ कोटी घेतले. एक वर्ष थांबला असता तर पाच वर्षांचे २६.९ मिळाले असते. ११ कोटींच्या वर सोडले त्याने. त्यातून जागा झाली आणि यंदा निक्स पंचवीस वर्षांनी पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत पोहोचले. सान अँटोनियोच्या टिम डंकननेही २०१२ मध्ये तीन वर्षांचे ३ कोटीच घेतले होते आणि २०१४ ला जिंकले. मला तर वाटतं, खऱ्या ताऱ्याची ओळख तीच.

नागपाडा७ | २२ जुलै, रात्री ९:३०

मी सहसा नुसता वाचतो. आज लिहितो, कारण शेवटच्या प्रतिसादाने राहवलं नाही.

बाळा, त्याग चांगलाच. पण तो खेळाडूनेच का करायचा? सेल्टिक्स २००२ मध्ये ३६ कोटी डॉलरला विकत घेतले होते, यंदा विक्री ठरली ६१० कोटींना. सतरा पट. त्याच काळात सॅलरी कॅप ४ कोटींवरून १५.४६ वर आली, म्हणजे चार पटीलाही थोडी कमी. सॅक्रामेंटो किंग्ज आपल्या विवेक रणदिवे यांच्या गटाने २०१३ मध्ये घेतले ते ५३.४ कोटींच्या भावाने. जुहूत वाढलेला माणूस एनबीए संघाचा मालक, आणि २०१९ च्या ऑक्टोबरात त्याने तो संघ वरळीच्या डोममध्ये आणून दाखवला. माझ्या पिढीला तो दिवस स्वप्नासारखा होता. मालकांबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण वाढ कुणाची किती झाली ते बघा आणि मग त्यागाचं बोला.

आता दुसरं. मी नागपाड्यात खेळलो. अब्बास मुंतसिरसाहेबांना १९७० चा अर्जुन मिळाला, ते आमच्या लहानपणी कोर्टच्या कडेला आले तरी आम्ही सरळ उभे राहायचो. खेळावर मला नोकरी लागली. कुठे ते सांगत नाही. १९९४ मध्ये एका स्पर्धेत माझी हीच नस तुटली, उजव्या पायाची. मागून कोणी काठी मारली असं वाटलं, वळून बघितलं तर कोणी नाही. टेटमने वळून बघितलं असेल का, तो विचार माझ्या मनात लगेच आला.

हिशेबीभाऊ, तुम्ही घसारा म्हणालात. तुमच्या गणिताला माझ्याकडे उत्तर नाही, ते बरोबरच असेल. पण हमीचा पगार काय असतो ते ज्याला मिळाला नाही तो सांगू शकतो. माझं खेळाडू म्हणून असलेलं स्थान चार महिन्यांत काढून घेतलं. स्पर्धांची रजा बंद, खुराकाचा भत्ता बंद, आणि शस्त्रक्रियेचा अर्धा खर्च मी बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशांतून केला. मी ज्या संघासाठी पडलो त्या संघाचं कोणी इस्पितळात आलं नाही.

शिकागोत जॉर्डनबरोबर खेळलेल्या स्कॉटी पिपनचं उदाहरण घ्या. बारा भावंडांतला शेवटचा, वडील आणि एक भाऊ व्हीलचेअरवर. १९९१ मध्ये त्याने लांबलचक करारावर कमी पैशांत सही केली, कारण उद्या पाय गेला तर घर कोण चालवणार ही भीती. १९९७-९८ मध्ये, सहावं विजेतेपद जिंकताना, त्याचा पगार २७.७५ लाख डॉलर होता, लीगमध्ये १२२वा. त्याला कोणी म्हणालं नाही की तुझी थकबाकी घे. संघ स्वस्तात मिळालेल्या वर्षांचे पैसे परत करत नाहीत. मग शेवटच्या वर्षी खेळाडू महाग पडला तर ओरड का?

मृण्मयी_शिकागो | २२ जुलै, रात्री १०:०२

काका, तुमचा प्रतिसाद मुलाला मराठीतून वाचून दाखवला. तो विचारतोय, ती नस तुटल्यावर पुन्हा उडी मारता आली का?

चार्ल्सकाठ | २३ जुलै, सकाळी ६:२५

काका, लिहिलंत हे फार मोलाचं झालं.

हिशेबी, कबूल करायचं ते करतो. या करारात शेवटच्या वर्षी टेटमचा पगार ७.१४ कोटी असेल, वय ३१ पार, शिवलेली टाच. त्या एका वर्षाकडे पाहिलं तर तो महाग पडण्याची शक्यता मोठी आहे. बीलचं आणि एम्बीडचं तुम्ही म्हणता ते मान्य. माझ्या पहिल्या पोस्टमध्ये मी ‘खरा तारा’ म्हणून सहज पुढे गेलो, पण तो खरा कोण हे आधी ओळखणंच अवघड, आणि नियम मात्र सगळ्यांना एकाच मापाने ३० आणि ३५ टक्के देतो. कॅपच्या पस्तीस टक्क्यांची किंमत वसूल करणारे एका वेळी लीगमध्ये आठ-दहाच असतात, असं मला आता वाटतं. बाकीच्यांना ते देणाऱ्या संघाचं फिनिक्स होतं.

पण आधीच ओळखता येतं असं म्हणणाऱ्यांना आमच्या सेल्टिक्सचा जेलन ब्राउन आठवावा. २०२३ च्या मे महिन्यात मायामीविरुद्धच्या सातव्या सामन्यात त्याने आठ वेळा चेंडू गमावला. आम्ही घरी बसून त्याच्या डाव्या हाताला शिव्या घातल्या, मीसुद्धा. जुलैत त्याला ३०.४ कोटींचा करार मिळाला, तेव्हा मी अमेरिकेतल्या मराठी मित्रांच्या गटात लिहिलं होतं की सेल्टिक्सचं डोकं फिरलंय. पुढच्या जूनमध्ये विजेतेपद आलं आणि अंतिम फेरीचा एमव्हीपी तोच होता. ती रात्र मी बॉस्टनच्या रस्त्यावर अनोळखी लोकांना मिठ्या मारत काढली. त्यानंतर त्याच्या ३०.४ कोटींचा हिशेब मी पुन्हा केलेला नाही.

यंदाच्या विजेत्या ओक्लाहोमालाही हा प्रश्न आता पडणार. परवापर्यंत होल्मग्रेन आणि जेलन विल्यम्स नवशिक्यांच्या पगारावर खेळत होते. या महिन्यात शे, होल्मग्रेन, विल्यम्स तिघांचे नवे करार झाले, मिळून ८२ कोटी डॉलरपर्यंत जाणारे. दोन वर्षांनी तिथे कोणाला सोडावं लागतं ते पाहू.

हिशेबी_ठाणे | २३ जुलै, सकाळी ९:४०

ब्राउनचं मान्य. मीही तेव्हा तेच म्हणालो असतो.

नागपाडाकाका, घसारा हा शब्द मी यंत्रांसाठी वापरतो. माणसासाठी वापरला, तो मागे घेतो. गणित मागे घेत नाही.

नागपाडा७ | २३ जुलै, रात्री ९:१५

हिशेबीभाऊ, गणित मागे घेऊही नका. संघ चालवायचा तर तुमच्यासारखा माणूस हवाच.

मृण्मयीताई, मुलाला सांगा, आली. पहिले तीन महिने तर पावलाचा चवडा टेकून उभं राहायलाच शिकत होतो, भिंतीला हात लावून, रोज सकाळी, दादरावर. डॉक्टरांनी धावायची परवानगी नवव्या महिन्यात दिली. उडी चौदाव्या महिन्यात. संध्याकाळची वेळ होती, कोर्टवर लहान पोरं खेळत होती, त्यांच्याकडून चेंडू मागून घेतला आणि डाव्या बाजूने लेअप, म्हणजे रिंगजवळ उडी मारून अलगद टाकायचा चेंडू, टाकला, कारण डावीकडून गेलं की उजव्या पायावरून उडावं लागतं. चेंडू कडेला लागून बाहेर आला. पण खाली उतरलो तेव्हा दुखलं नाही.